आकड्यांची ये-जा

केळीच्या बागेला कडाक्याची थंडी लागली, तर भरपाई द्यायची की नाही हे जळगाव जिल्ह्यात कोणी बागेत जाऊन ठरवत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत थंडी आणि उष्णता या दोन धोक्यांचा निवाडा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचे आकडे करतात. हिवाळ्यात किमान तापमान सलग ठरावीक दिवस ठरलेल्या पातळीखाली राहिले की भरपाई लागू होते. एक दिवस कमी पडला की होत नाही. पिंप्राळ्याच्या शिवारातला शेतकरी पहाटे बागेत उभा राहून किती कुडकुडला, याला त्या हिशेबात जागा नाही. केंद्राने काय नोंदवले आणि ती नोंद हिशेब करणाऱ्या संगणकाने कशी वाचली, एवढेच मोजले जाते.

या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी, म्हणजे नोंद ‘कशी वाचली’ याविषयी, हे प्रकरण आहे. मागच्या प्रकरणांत आपण ऑक्टेव्ह आणि सायलॅब या भाषांत आकड्यांची कोष्टके मांडली, त्यांची बेरीज-गुणाकार केले, आलेख काढले. पण ते आकडे आपण स्वतः टंकले होते. खऱ्या कामात आकडे फाइलीतून येतात आणि उत्तरे फाइलीत जातात. माझा अनुभव असा, की या भाषांत गणित सहसा चुकत नाही. चूक होते ती आकडे आत येताना आणि बाहेर जाताना. शिकवताना मात्र हा भाग शेवटच्या तासाला, घाईघाईने उरकला जातो.

आधी या भाषांची ओळख उजळून घेऊ. क्लीव्ह मोलर या अमेरिकन गणितज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांसाठी मॅटलॅब लिहिली, तीही फोरट्रान भाषेत. १९८४ मध्ये तिची कंपनी झाली आणि ती विकत घ्यावी लागू लागली. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये जोमाने काम सुरू केलेली ऑक्टेव्ह ही तिच्याच वळणाची, पण फुकट आणि खुली. तिचे नाव ऑक्टेव्ह लेव्हन्स्पील या रसायन अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांवरून आले. लिफाफ्याच्या पाठीवर झटपट हिशेब मांडण्यासाठी ते प्रसिद्ध होते. सायलॅब ही फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेतून आली. आपल्याकडे या खुल्या भाषांचा प्रसार करण्याचे मोठे काम मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने केले. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सायलॅबचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ आहेत आणि ते मराठी आवाजातही ऐकता येतात. पिंप्राळ्यातून निघून खोटेनगरवरून गिरणेचा पूल ओलांडला, की बांभोरीला विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना महागड्या परवान्याची वाट न बघता स्वतःच्या संगणकावर हे सारे करता येते, ही फार मोठी गोष्ट आहे.

आता मूळ प्रश्न. फाइल हवीच कशाला?

आपण ऑक्टेव्हमध्ये एखादे कोष्टक तयार करतो, तेव्हा ते संगणकाच्या मेमरीत असते. खिडकी बंद केली किंवा वीज गेली, की ते गेले. ज्यांच्या नावाने बांभोरीचे हे विद्यापीठ २०१८ पासून ओळखले जाते, त्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्यांपैकी मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी जेवढ्या उतरून घेतल्या, तेवढ्या राहिल्या. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये संग्रह छापला गेला. जे कागदावर आले नाही ते त्यांच्याबरोबरच गेले. मेमरी आणि फाइल यांच्यातला फरक खान्देशातल्या माणसाला याहून वेगळा समजावून सांगावा लागू नये.

फाइल उघडण्याची आज्ञा ऑक्टेव्हमध्ये एफओपन आणि सायलॅबमध्ये एमओपन. तिला दोन गोष्टी सांगायच्या: फाइलीचे नाव आणि ती कशासाठी उघडायची आहे. ‘आर’ म्हणजे वाचण्यासाठी, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्यासाठी, ‘ए’ म्हणजे आहे त्याच्या शेवटी भर घालण्यासाठी. यातले ‘डब्ल्यू’ जपून वापरायचे अक्षर आहे. त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर उघडताक्षणी तिच्यातला सगळा मजकूर पुसला जातो. ‘नक्की पुसू का?’ असे कोणी विचारत नाही. म्हणून केंद्राकडून आलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचता येईल अशी ठेवावी आणि आपली उत्तरे नेहमी दुसऱ्या नावाने लिहावीत. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

ऑक्टेव्हचा एफओपन यशस्वी झाला की एक लहानसा क्रमांक हाती देतो. पहिल्या फाइलीला बहुधा ३ मिळतो, कारण ०, १ आणि २ हे कळफलक, पडदा आणि चुकीचे संदेश यांच्यासाठी आधीच राखलेले असतात. फाइल सापडली नाही तर उत्तर येते उणे १. ते न तपासता पुढे गेलात, तर पुढच्या ओळीवर भलतीच तक्रार येते आणि माणूस चुकीच्या ठिकाणी चूक शोधत बसतो. काम संपले की एफक्लोज. लिहिताना हे विशेष महत्त्वाचे, कारण लिहिलेले आकडे काही काळ मेमरीतच साचवून ठेवलेले असू शकतात आणि बंद केल्यावरच ते डिस्कवर पोचल्याची खात्री होते.

फाइल उघडली की भाषा तिच्यात एक अदृश्य खूण ठेवते. पोथी वाचताना ओळीवर बोट ठेवावे आणि वाचत जाऊ तसे ते सरकावे, तशी ही खूण वाचलेल्या भागाच्या पुढे सरकत जाते. एफगेटएल एक ओळ देतो आणि खूण पुढच्या ओळीवर नेतो. ओळी संपल्या की ओळीऐवजी उणे १ हा आकडा देतो. एफस्कॅनएफ सरळ आकडेच उचलतो. त्याच्यात एक जुनी खोड आहे. फाइलीत प्रत्येक ओळीवर किमान आणि कमाल असे दोन आकडे असतील, तर आपल्याला दोन रकान्यांचे कोष्टक हवे असते. पण एफस्कॅनएफ कोष्टक उभे भरत जातो. आधी पहिला रकाना वरून खाली, मग दुसरा. फोरट्रानमध्ये कोष्टके मेमरीत अशीच उभी ठेवली जात, आणि मोलर यांच्या मॅटलॅबमधून ती रीत ऑक्टेव्हपर्यंत आली. म्हणून कोष्टक दोन ओळी आणि हवे तितके रकाने या आकाराचे मागायचे आणि मग आडव्याचे उभे करायचे. हे माहीत नसले तर किमान आणि कमाल तापमानांची सरमिसळ होते. आकडे मात्र सगळे खरे दिसतात, आणि धोका तिथेच असतो.

स्वल्पविरामांनी तोडलेल्या फाइलींसाठी, म्हणजे ज्यांना आपण सीएसव्ही म्हणतो त्यांच्यासाठी, ऑक्टेव्हमध्ये डीएलएमरीड ही सोपी आज्ञा आहे. फाइलीचे नाव द्या, अख्खे कोष्टक एका फटक्यात हाती येते. वरच्या मथळ्याची ओळ गाळायची असेल तर तसे सांगता येते. फक्त ध्यानात ठेवायचे, की बाकीच्या ऑक्टेव्हमध्ये मोजणी १ पासून होते आणि इथे ओळींची मोजणी ० पासून. हे सारे मी भरभर सांगतो आहे, कारण या आज्ञेतली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे.

हवामान केंद्र हे यंत्र आहे. एखाद्या दिवशी बॅटरी उतरते, संदेश पोचत नाही, आणि त्या तारखेसमोरची जागा रिकामी राहते. डीएलएमरीड त्या रिकाम्या जागेत काय ठेवतो? आपण दुसरे काही सांगितले नाही, तर शून्य. आकड्याच्या जागी ‘नोंद नाही’ असे शब्द लिहिले असले, तरी शून्यच.

आता उदाहरणापुरता नियम असा धरू: किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली राहिले तर भरपाई. फाइलीत एका दिवशी ७.८, दुसऱ्या दिवशी जागा रिकामी, तिसऱ्या दिवशी ७.६. डीएलएमरीडने मधल्या दिवशी शून्य भरले, शून्य आठाच्या खालीच आहे, तीन दिवस पूर्ण झाले, भरपाई लागू. हीच फाइल सायलॅबच्या सीएसव्हीरीडने वाचली, तर रिकाम्या जागी ‘नॅन’ येतो, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ अशी खूण. नॅन कोणत्याही आकड्याहून लहान किंवा मोठा आहे का असे विचारले, तर उत्तर ‘खोटे’ येते. नॅन आठाहून लहान आहे का? खोटे. मालिका तुटली, भरपाई नाही. फाइल तीच, नियम तोच, शेतकरी तोच, निकाल उलटा.

उन्हाळ्याचा नियम घ्या. समजा, कमाल तापमान सलग पाच दिवस ४५ अंशांच्या वर राहिले तर भरपाई. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे इथे कोणाला सांगायला नको. पाचांतल्या एका दिवसाची नोंद नसली आणि तिथे शून्य आले, तर भर उन्हाळ्यात पाणी गोठण्याचे तापमान नोंदले गेले आणि मालिका तुटली. हिवाळ्यात ज्या शून्याने शेतकऱ्याच्या पदरात पैसे टाकले असते, तोच शून्य उन्हाळ्यात त्याच्या हातचे काढून घेतो. नॅन मात्र दोन्ही ऋतूंत मालिका तोडतो, म्हणजे दोन्ही वेळा शेतकऱ्याच्या विरोधात जातो.

तेव्हा रिकाम्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न संगणकाचा नाहीच. जवळच्या मंडळाचा आकडा घ्यायचा, आदल्या-नंतरच्या दिवसांवरून अंदाज बांधायचा, की तो दिवस बाजूला ठेवून माणसाने निर्णय करायचा, हे नियमात लिहिलेले असायला हवे. नियमात नसेल, तर ते आज्ञा लिहिणाऱ्याने नकळत ठरवलेले असते. माझे ठाम मत असे, की फाइल वाचताना रिकाम्या जागी नेहमी नॅनच येऊ द्यावा. ऑक्टेव्हमध्येही ‘एम्प्टीव्हॅल्यू’ या पर्यायाने तसे सांगता येते. नॅन निदान लपत नाही: सरासरी काढली तर सरासरीही नॅन येते आणि माणसाला थांबून बघावे लागते. शून्य सरासरीत मिसळून जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नॅन आल्यावर पहिले काम म्हणजे इझनॅन या आज्ञेने अशा जागा किती आहेत ते मोजणे, आणि तो आकडा उत्तराच्या शेजारीच छापणे.

काही संस्था जागा रिकामी न ठेवता तिथे अशक्य वाटेल असा आकडा घालतात. पुण्याच्या हवामान खात्याच्या जाळीदार नोंदींत पावसासाठी उणे ९९९ आणि तापमानासाठी ९९.९ अशी खूण वापरली आहे. हे माहीत नसलेल्या माणसाने वर्षाचा पाऊस बेरजेत काढला, तर उत्तर उणे येईल आणि निदान चूक कळेल. पण तापमानाच्या सरासरीत दोन-चार वेळा ९९.९ मिसळले, तर उत्तर जळगावच्या मे महिन्यासारखेच दिसेल.

या पावसाच्या नोंदी मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस त्यांत आहे. देशावर पाव-पाव अंशाची जाळी टाकली आहे. रेखांशाच्या दिशेने १३५ बिंदू, अक्षांशाच्या दिशेने १२९. म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे. हे आकडे अक्षरांत लिहिलेले नाहीत. मेमरीत आकडा जसा असतो तसाच, प्रत्येकी ४ बाइटांत, ओळीने मांडले आहेत. अशा फाइलीला द्विमान फाइल म्हणतात. ती साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली तर निव्वळ खिचडी दिसते. तिच्यात मथळा नाही, तारीख नाही, स्वल्पविराम नाही. जो क्रम ठाऊक आहे त्यावरच सगळे चालते.

क्रम ठाऊक असला तर मात्र ती फार वेगाने कामाला येते. जाळी ६६.५ पूर्व रेखांश आणि ६.५ उत्तर अक्षांशापासून सुरू होते. जळगाव आणि पिंप्राळा यांना सर्वांत जवळचा बिंदू ७५.५ पूर्व, २१ उत्तर. रेखांशाच्या दिशेने तो ३७ वा, अक्षांशाच्या दिशेने ५९ वा. आधीच्या ५८ ओळींत प्रत्येकी १३५ आकडे, म्हणजे ७,८३०. त्यात ३७ मिळवले की दिवसाच्या यादीत आपला आकडा ७,८६७ वा. त्याच्या आधी ७,८६६ आकडे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ३१,४६४ बाइट. एफसीक या आज्ञेने खूण तेवढी पुढे सरकवायची आणि एफरीडने एक आकडा उचलायचा: हा १ जानेवारीचा पाऊस. पुढचा दिवस त्याच्यापुढे बरोबर ६९,६६० बाइटांवर. अशा ३६५ उड्या मारल्या, की फाइलीतले बाकीचे त्रेसष्ट लाखांहून अधिक आकडे न वाचता आपल्या भागाचे वर्ष हाती येते.

एफरीडला आकडा ४ बाइटांचा दशांश आहे हे सांगावेच लागते. नाही सांगितले, तर तो एकेक बाइट सुटा वाचतो आणि ० ते २५५ मधले आकडे देतो. पावसाचे मिलिमीटर म्हणून ते अगदी शोभूनही दिसतात. बाइटांचा क्रम उलटा असलेल्या संगणकावर फाइल बनली असेल, तर तेही सांगावे लागते. पडताळणीची एक सोपी खूण आहे. ३६५ दिवसांची अशी फाइल २,५४,२५,९०० बाइटांची असते आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटांची. आकार याहून वेगळा निघाला तर फाइल अर्धवट उतरली आहे. वाचायलाच घेऊ नये.

मजकुराच्या फाइलींचे दुखणे वेगळे. बाजार समितीच्या किंवा कार्यालयाच्या कोष्टकात रक्कम १,२५,००० अशी लिहिलेली असते. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे पुढचा रकाना. सव्वा लाखाचे १, २५ आणि ० असे तीन आकडे होतात आणि पुढचे सारे रकाने दोन घरे सरकतात. देवनागरी अंकांत लिहिलेले ४५ आपल्याला आकडा वाटतात, पण ऑक्टेव्ह त्यांना अक्षरे समजते. तिला इंग्रजी अंकच आकडे म्हणून कळतात. ‘केळी’ या शब्दाची लांबी विचारली तर ती १२ सांगते, कारण ती अक्षरे न मोजता बाइट मोजते. क, मात्रा, ळ आणि वेलांटी, प्रत्येकी ३ बाइट. गावांची नावे ठरावीक रुंदीच्या रकान्यांत छापायला गेलात की कोष्टक वाकडे का होते, त्याचे कारण हे.

फाइलीतल्या कोष्टकाची अशी मोडतोड छोटी गोष्ट वाटत असेल, तर इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात काय झाले ते बघा. प्रयोगशाळांकडून आलेल्या कोरोना चाचण्यांच्या फाइली तिथली आरोग्य यंत्रणा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत भरत होती. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर निरोप गेला नाही.

आता बाहेर जाणारे आकडे. लिहिण्याची आज्ञा एफप्रिंटएफ. तिला आकडा कसा छापायचा ते टक्क्याच्या चिन्हापुढे एक अक्षर लिहून सांगतात. ‘जी’ लिहिले तर ती सहा सार्थ अंक ठेवते. मेमरीत आकड्याला पंधरा-सोळा अंकांची अचूकता असते. फाइलीत गेल्यावर सहाच उरतात. विहिरीचा रेखांश ७५.५६२६४१७८ असेल तर फाइलीत ७५.५६२६ उतरतो आणि विहीर जमिनीवर सुमारे चार मीटर सरकते. बांधाला लागून असलेल्या दोन गटांत चार मीटर कोणाच्या बाजूला गेले, हा तंट्याचा विषय होऊ शकतो. आकडा तसाच्या तसा परत यायला हवा असेल तर १७ सार्थ अंक मागावेत, किंवा ऑक्टेव्हची स्वतःची सेव्ह ही आज्ञा वापरावी.

अचूकतेहून मोठी चूक एककाची. नासाचे मंगळाभोवती फिरायला निघालेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. जमिनीवरची एक प्रणाली यानाच्या छोट्या रॉकेटांच्या धक्क्याचे आकडे पौंडांच्या हिशेबात फाइलीत लिहीत होती. ती फाइल वाचणारी प्रणाली ते न्यूटनमध्ये आहेत असे धरून चालली होती. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. लिहिणाऱ्याचे गणित बरोबर होते, वाचणाऱ्याचेही. आपल्याकडे धरणाचा साठा कोणी दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत, लिहितो, कोणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. हतनूर किंवा गिरणेच्या साठ्याची फाइल नुसती ‘साठा’ असा मथळा घेऊन हातोहात फिरत असेल, तर ती कधी ना कधी चुकीची वाचली जाणारच. रकान्याच्या मथळ्यातच ‘साठा, दलघमी’ किंवा ‘किमान तापमान, अंश सेल्सिअस’ असे लिहायला काही सेकंद लागतात. तारीखही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. मग ३ एप्रिलची ४ मार्च होत नाही.

पुढच्या प्रकरणाकडे वळण्याआधी एवढे करा. आपल्या मंडळाच्या वर्षभराच्या रोजच्या तापमानाची फाइल मिळवा आणि ती ऑक्टेव्ह किंवा सायलॅबमध्ये वाचा. कोणताही हिशेब करण्याआधी चार आकडे पडद्यावर आणा: ओळी किती, सर्वांत लहान आकडा कोणता, सर्वांत मोठा कोणता, आणि नॅन किती. ओळी ३६५ किंवा ३६६ नसतील, किमान तापमान शून्य निघाले असेल किंवा कमाल ९९.९, तर तिथेच थांबा, मूळ फाइल उघडा आणि ती ओळ डोळ्यांनी वाचा.